हॅकरस्पेस : उघड्या दाराची कार्यशाळा

‘हॅकर’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर चोर उभा राहतो. बँकेच्या खात्यातून पैसे लांबवणारा, दुसऱ्याच्या मोबाइलमधील माहिती पळवणारा, अंधाऱ्या खोलीत बसलेला कोणी अज्ञात इसम. तेव्हा सुट्टीत घरी आलेल्या मुलीने ‘आमच्या शाळेत एक हॅकरस्पेस हवा’ असे म्हटले, तर आई-वडिलांच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविकच आहे. म्हणून या लेखात प्रथम त्या शब्दाचा उलगडा करू. त्यानंतर अशा जागी नेमके काय घडते, तेथील मेळावे आणि कार्यशाळा कशा चालतात आणि आपल्यासारख्या समाजाला त्यांचे काय प्रयोजन आहे, याचा विचार करू.

शब्दाचा मूळ अर्थ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या विद्यापीठात खेळण्यातील रेल्वेची प्रतिकृती उभारणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस या मंडळातील काही मुलांचा जीव वरच्या छोट्या गाड्यांपेक्षा मेजाखालील तारांच्या गुंतागुंतीत अधिक रमे. हाताशी असलेल्या मोडक्यातोडक्या सामानातून, अंगच्या चातुर्याने साधलेल्या युक्तीला ते ‘हॅक’ म्हणत, आणि अशी युक्ती करणारा तो ‘हॅकर’. पुढे विद्यापीठात संगणक आले आणि हीच मुले रात्र-रात्र त्यांच्यापाशी बसू लागली. तेव्हा तो शब्द संगणकाला चिकटला. वृत्तपत्रांनी त्याला चोराचा अर्थ दिला तो नंतर. मूळ अर्थ एवढाच, की वस्तू उघडून पाहणारा, ती कशी चालते हे समजून घेणारा आणि ती अधिक चांगली चालावी म्हणून खटपट करणारा माणूस.

अशा माणसांनी एकत्र येऊन भाड्याने घेतलेली, सामायिक अवजारांनी सजवलेली आणि परक्यालाही आत येऊ देणारी जागा म्हणजे हॅकरस्पेस. या कल्पनेची मुळे जर्मनीत आहेत. ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ ही संस्था १९८१ साली बर्लिनमध्ये स्थापन झाली. त्याच शहरात १९९५ साली ‘सी-बेस’ नावाची जागा उभी राहिली आणि २००६ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे ‘मेटालॅब’ सुरू झाली. २००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील काही मंडळी जर्मनीतील मेळाव्यासाठी गेली, तेथील जागा पाहून प्रभावित झाली आणि परतल्यावर त्यांनी आपापल्या शहरांत तसेच उपक्रम आरंभले. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘नॉइजब्रिज’ हा त्यांतील प्रसिद्ध उपक्रम होय.

मंगळवारचा नियम

२००७ च्या डिसेंबरात बर्लिनमधील एका परिषदेत येन्स ओलिग आणि लार्स वायलर या दोघा अनुभवी जर्मन कार्यकर्त्यांनी अशा जागा कशा टिकतात यासंबंधीचे व्यवहारज्ञान मांडले. त्यांतील काही सूचना आपल्याकडील कोणत्याही मंडळाला लागू पडाव्यात अशा आहेत. पहिली सूचना बैठकीच्या वाराची. सर्वांना सोयीचा वार शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही. प्रत्येक वारी कोणाची तरी अडचण असतेच. तेव्हा मंगळवार ठरवा आणि चर्चा संपवा. यातील मर्म मंगळवारात नसून ठरलेपणात आहे. दार अमुक वारी, अमुक वेळी उघडे असणारच, ही खात्री पटली म्हणजे माणसे येऊ लागतात.

दुसरी सूचना स्वयंपाकघराची. यंत्रे कितीही उत्तम असोत, एकत्र शिजवून एकत्र जेवल्यावाचून माणसांचा समूह बनत नाही, म्हणून जागा घेताना स्वयंपाकघर अवश्य हवे, असे हे जर्मन सांगतात. ज्या समाजाला पंगतीबाहेर बसवले गेले आणि ज्याने पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह केला, त्या समाजाला या सूचनेचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट निर्णयाची. नॉइजब्रिजमध्ये दर आठवड्याला सभा भरते. महत्त्वाचा प्रस्ताव एका सभेत मांडला जातो, त्यावर चर्चा होते आणि निर्णय पुढच्या सभेत सर्वसहमतीने घेतला जातो. एकाही सदस्याचा सकारण विरोध असेल तर विषय पुन्हा विचारात घ्यावा लागतो. ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये. भिक्खुसंघाच्या विनयात प्रस्ताव मांडण्याला ‘ञत्ति’ म्हणतात. महत्त्वाच्या कामी तो मांडल्यावर संघाला तीनदा विचारले जाई. संमती असणाऱ्याने मौन पाळावे, हरकत असणाऱ्याने बोलावे, असा नियम होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला देऊन, सभानियम भारताला नवे नाहीत, हे निदर्शनास आणले होते.

कार्यशाळेत काय घडते

आता प्रत्यक्ष कार्यशाळेकडे वळू. नॉइजब्रिजचे एक संस्थापक मिच ऑल्टमन हे कोणताही दूरचित्रवाणी संच बंद करणाऱ्या एका छोट्या रिमोटचे जनक म्हणून ओळखले जातात. त्यांनी सोमवारच्या संध्याकाळी सोल्डरिंग शिकवण्याचे वर्ग चालवले आणि जगातील अनेक देशांत जाऊन हीच विद्या वाटली. या वर्गांना वयाची वा शिक्षणाची अट नसते. लहान मूल आणि आजोबा एकाच मेजावर बसतात.

सोल्डरिंग ही तशी छोटी क्रिया. सर्किटच्या पाटीवर तांब्याची बारीक चकती असते, तिच्या भोकातून सुट्या भागाची तार वर आलेली असते. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक चकती आणि तार या दोहोंना एकाच वेळी टेकवायचे, क्षणभर दोन्ही तापू द्यायचे आणि मग सोल्डरची तार त्या तापलेल्या जोडाला लावायची. कथिल आणि शिसे यांचे नेहमीचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि जोडाभोवती आपोआप पसरते. नवशिका हटकून एक चूक करतो. सोल्डर जोडाला न लावता थेट आयर्नच्या टोकाला लावतो. मग थेंब वितळतो खरा, पण न तापलेल्या चकतीला धरत नाही. चांगला जोड चमकदार आणि शंकूच्या आकाराचा दिसतो, कच्चा जोड मळकट आणि गोळीसारखा. चूक डोळ्यांना दिसते, कारण सांगता येते आणि जोड पुन्हा तापवून ती दुरुस्तही करता येते. खोलीत हवा खेळती ठेवणे आणि काम संपताच साबणाने हात धुणे, ही शिस्त पहिल्याच दिवशी लावली जाते, कारण शिसे पोटात जाणे घातक असते.

तास-दीड तासाने प्रत्येकाच्या हातात लुकलुकणारा एक छोटा दिवा असतो. त्या दिव्याचा बाजारातील भाव नगण्य. परंतु ‘हे बिघडले तर मी उघडून पाहू शकते’ असा जो विश्वास त्या मुलीच्या मनात उपजतो, तो बाजारात मिळत नाही. आपण धम्मवंदनेत म्हणतो तो ‘एहिपस्सिको’ हा शब्द येथे आठवतो. ‘या आणि स्वतः पाहा’ असा त्याचा अर्थ. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून किंवा गुरू म्हणतात म्हणून मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश. कार्यशाळेच्या मेजावर तो उपदेश अगदी साध्या रूपात आचरणात येतो. जोड पक्का आहे की कच्चा, हे शिक्षकाच्या मतावर ठरत नाही. ते मल्टिमीटर सांगतो.

दुसऱ्या प्रकारचा मेळावा दुरुस्तीचा. मार्टिन पोस्तमा या डच महिलेने ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली आणि कित्येक हॅकरस्पेसनीही ती उचलली. लोक घरातील बिघडलेली इस्त्री, मिक्सर, रेडिओ, फाटलेला कोट घेऊन येतात. जाणकार स्वयंसेवक दुरुस्ती करतो, मात्र वस्तूच्या मालकाने शेजारी बसून पाहायचे, हात लावायचा, असा शिरस्ता असतो. येथे ग्राहक आणि कारागीर असे दोन पक्ष राहत नाहीत. वस्तू पुन्हा चालू झाली तर उत्तमच. न झाली तरी ती का मेली, हे मालकाला कळलेले असते.

पाबळचा अनुभव

हे सारे परदेशातले झाले, आपल्या मातीत असे काही रुजेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणप्रवण गावी मिळते. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून १९८३ साली तेथे ‘विज्ञान आश्रम’ स्थापन केला. माणूस हातांनी काम करता-करता स्वाभाविकपणे शिकतो, ही त्यांची धारणा होती. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेली मुले तेथे राहून वर्षभर वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे शिकतात आणि त्या कामांमागचे विज्ञानही शिकतात. आश्रमाने आखलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या कार्यक्रमात शाळेतील मुले आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करतात आणि शिकलेल्या कौशल्याचा उपयोग गावाला करून देतात.

एमआयटीतील प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ ही कल्पना मांडली, तेव्हा विद्यापीठाबाहेरील अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ साली पाबळला उभी राहिली. फॅब लॅब ही हॅकरस्पेसची सख्खी बहीण म्हणावी. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राकडून ती लाकडात, प्लास्टिकमध्ये वा धातूत कापून घ्यायची, अशी तेथील सोय असते. दुधाची प्रत तपासणे, शेतातील डिझेल इंजिनाची चाल मोजणे अशा गावच्याच गरजांसाठी उपकरणे बनवण्याचे प्रयत्न तेथे झाले. प्रश्न गावातून यावा आणि विद्या कोठूनही यावी, हा पाबळचा धडा.

अलीकडे केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमार्फत देशातील दहा हजारांहून अधिक शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या आहेत. हे स्वागतार्हच आहे. तथापि, अनुदानातून यंत्र येते, त्याबरोबर दार उघडणारा माणूस आपोआप येत नाही. थ्री-डी प्रिंटर काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायचा असेल, तर त्यापेक्षा चार पक्कडी, दोन मल्टिमीटर आणि दर आठवड्याला उघडणारे दार अधिक मोलाचे.

पालकांची शंका

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. आपल्यातील कित्येक पालक म्हणतील, ‘पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हातांना कामच तर होते. मेलेली जनावरे ओढली, दोर वळले, चामडे कमावले, रस्ते झाडले. त्यातून सुटावे म्हणून तर लेकराला शाळेत घातले. आता शाळाच त्याच्या हातात पुन्हा अवजार देणार काय?’ ही शंका रास्त आहे. तिच्यामागे इतिहास आहे.

तिचे उत्तर बाबासाहेबांच्याच विचारांत सापडते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात प्रतिपादन केले. दोष हातांच्या कामात नव्हता. काम जन्माने लादले गेले, त्याला प्रतिष्ठा नाकारली गेली, आणि काम करणाऱ्याला त्यामागचे शास्त्र शिकण्याची बंदी होती, दोष तेथे होता. एकाकडे ग्रंथ आणि दुसऱ्याकडे हात, अशी ती फाळणी होती. यंत्राविषयीही बाबासाहेबांचे मत स्पष्ट होते. १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी सांगितले, की यंत्र माणसाला पशुवत श्रमातून सोडवते आणि विचारासाठी फुरसत देते. दुष्परिणामांचे मूळ यंत्रात नसून चुकीच्या समाजरचनेत आहे.

हॅकरस्पेस ही त्या फाळणीच्या नेमकी उलट दिशेची जागा आहे. तेथे काम कोणी लादत नाही. माणूस आपणहून येतो. तेथे ‘असे का?’ हा प्रश्न विचारल्यावाचून अवजार हाती धरणे अपुरे समजले जाते. पदवी असूनही कधी पंखा उघडून न पाहिलेला अभियंता आणि एकही प्रमाणपत्र नसताना शेकडो पंखे दुरुस्त केलेला मेकॅनिक एकाच बाकावर बसतात. एकाला सूत्र ठाऊक असते, दुसऱ्याला हाताचा अंदाज, आणि विद्यार्थ्याला दोन्ही मिळते. आपल्या समाजात या दोन्ही प्रकारची माणसे आहेत. कित्येकदा ती एकाच घरात असतात. बाप मेकॅनिक आणि मुलगी अभियंता.

परंतु सावधगिरीही हवी. वसतिगृहातील मुलांकडून फुकट दुरुस्त्या करून घेण्याचे साधन म्हणून कोणी कार्यशाळेकडे पाहील, तर ते जुनेच वेठीचे काम नव्या नावाने परत आले असे होईल. म्हणून तीन पथ्ये आरंभीच पाळावीत. कोणावरही सक्ती नसावी. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत व्हावी आणि त्या नोंदीत बिघाडाचे कारण विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. आणि झाडलोट, चहा, आवराआवर ही कामे पाळीपाळीने सर्वांनीच करावीत, पाहुण्या अभियंत्यांनीसुद्धा.

आणखी एक गोष्ट मुलींची. दार उघडे ठेवले म्हणजे सर्व जण आत येतातच असे नाही. पाश्चात्त्य देशांतील अनेक हॅकरस्पेसमध्ये पुरुषांचाच भरणा राहिला आणि स्त्रियांना तेथे परके वाटू लागले. परिणामी २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘डबल युनियन’ नावाची स्त्रियांची स्वतंत्र जागा स्थापन करावी लागली. आपल्याकडे मुलींना कधी ‘तू नोंदी लिही, तो जोडणी करील’ असे अभावितपणे सांगितले जाते. ही सवय पहिल्या दिवसापासून मोडली पाहिजे. शिकवणाऱ्यांत माजी विद्यार्थिनी असतील, तर ती लवकर मोडेल.

आपल्या शाळेत आरंभ कसा करावा

अशा उपक्रमाला इमारत निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खोली, दोन लाकडी मेजे, पुरेसा उजेड, खेळती हवा आणि एक ठरलेली वेळ पुरेशी आहे. साहित्यात पंचवीस वॅटचे दोन-तीन सोल्डरिंग आयर्न, दोन मल्टिमीटर, पेचकस, पक्कड, तार सोलण्याचे कटर, बॅटऱ्या आणि एलईडी दिवे असले, की पहिले सहा महिने सहज निघतात. पुढे अर्डुइनोसारखी छोटी पाटी घेता येईल. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांना परवडावी म्हणूनच ती तयार झाली आणि तिचा आराखडा कोणालाही वापरता येतो. ज्ञानाचे दान ते हेच.

पालकभेटीचा रविवार या कामी विशेष सोयीचा ठरेल. वंदना आणि भोजन आटोपल्यावर दोन तास कार्यशाळेचे दार उघडावे. पालकांनी येताना घरातील एखादी बंद पडलेली वस्तू आणावी.

पहिला धडा छताच्या पंख्याचा असावा, असे सुचवावेसे वाटते. पंखा हळू फिरू लागला की आपण मोटार गेली असे समजतो. पुष्कळदा दोष असतो तो कॅपॅसिटरचा, ज्याला बाजारात ‘कंडेन्सर’ म्हणतात. पंख्याच्या मोटारीत दोन वेटोळी असतात. त्यांतील एकात प्रवाह किंचित पुढे-मागे सरकला तरच फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि तो प्रवाह सरकवण्याचे काम कॅपॅसिटर करतो. तो अशक्त झाला की पंखा मंदावतो. हा भाग बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असून अल्प किमतीत मिळतो. मात्र विजेचे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे. मेन स्विच बंद करावा, टेस्टरने खात्री करावी आणि कॅपॅसिटरमध्ये साठलेला भार आधी उतरवावा. कॅपॅसिटर बदलल्यावर पंखा पुन्हा वेगाने फिरू लागला, की पाठ्यपुस्तकातील प्रत्यावर्ती प्रवाहाचा धडा त्या मुलाला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच, की या शाळेचे ऋण फेडावे असे मनात येईल तेव्हा देणगीच्या पावतीबरोबर एक रविवारही द्यावा. आपल्यात महावितरणात काम करणारे आहेत, आयटीआय झालेले आहेत, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारे आहेत, शिलाई यंत्रावर संसार उभा करणाऱ्या भगिनी आहेत, सॉफ्टवेअर कंपन्यांत बसणारे आहेत. प्रत्येकापाशी शिकवण्याजोगे काहीतरी आहे. वर्षातून एकदाच येणाऱ्या मोठ्या पाहुण्यापेक्षा वर्षातून चार वेळा येणारा दादा किंवा ताई मुलांना अधिक उपयोगी पडेल.

वार ठरला, दोन माणसे कबूल झाली, एवढे झाले की आरंभ झाला असे समजावे. वसतिगृहात मंद फिरणारा एखादा पंखा असेलच. पहिल्या रविवारी तोच खाली उतरवू या.